दिवा लागल्यावर किती किलोमीटर

गाडीत बसलेला माणूस कधी ना कधी मान पुढे काढून काट्याकडे बघतो आणि विचारतो, "जाईल ना?" चौतीस वर्षं ड्रायव्हरकी केली आणि या प्रश्नाला मी कायम एकच उत्तर दिलं, "जाईल." बहुतेक वेळा गेलीही. ज्या वेळी नाही गेली त्या वेळी मी दोष पंपावरच्या भेसळीला दिला, कार्ब्युरेटरमधल्या कचऱ्याला दिला, एकदा तर चक्क अमावास्येला दिला. स्वतःला एकदाच दिला, आणि तोही काही खुशीने नव्हे. दिवाळी अंकासाठी गमतीचे अनुभव लिहून द्या असं संपादकबाईंनी सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला. आधी वाटलं, तो नको, दुसरे पुष्कळ आहेत. पण कागद घेऊन बसलो की बाकीचे बाजूला सरकतात आणि हाच पुढे येऊन बसतो.

मी मूळचा अंबाडीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. नाव दत्तात्रेय, पण त्या नावाने हाक फक्त आरटीओत मारली. सुरुवातीची बारा वर्षं ट्रकवर काढली, भिवंडीतून कापडाचे तागे भरून न्यायचे. ट्रकचा डिझेलचा काटा चालू असलेला मी तरी पाहिला नाही. टाकीचं झाकण उघडायचं, बांबूची काठी आत घालायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. काठीवर चाकूने खुणा केलेल्या असत. तो आमचा मीटर. पुढे खासगी गाड्यांवर आलो तेव्हा चालू काटे भेटले आणि कळलं, की काठी कधी खोटं बोलत नाही, काटा बोलतो. टाकी भरली की पहिला अर्धा भाग तो सरकतच नाही, माणसाला वाटतं वा, काय गाडी आहे. अर्ध्याच्या खाली आला की धावत सुटतो. मग दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे पेट्रोल संपलं असं नव्हे. गाडी बनवणाऱ्यानं आपल्यासारख्या विसरभोळ्यांसाठी थोडं राखून ठेवलेलं असतं. ते किती, हे ज्याला कळलं तो ड्रायव्हर, बाकीचे नुसते स्टिअरिंग धरणारे, असं आमच्यात मानत.

मला ते कळायचं. गाडी चढाला लागली की टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं, तेवढ्याने बसण्यात जो फरक पडतो तो मला जाणवतो, असं मी सांगत असे. आता वय झालं, कबूल करायला हरकत नाही. तसं काही जाणवत नाही. मी किलोमीटर मोजायचो, दुसरं काही नाही.

या विद्येत मला तरबेज केलं ते अंबाडीच्या एका डॉक्टरांनी. ट्रक सोडल्यावर दोन वर्षं त्यांची जुनी फियाट चालवली. डॉक्टर अतिशय दिलदार, पेशंटला औषध देऊन वर जेवायला बसवणारे, पण टाकी म्हणून कधी भरायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "दत्ता, टाकी भरलेली दिसली की मेव्हणे गाडी मागायला येतात. रिकामी असली की चौकशी करून निघून जातात." त्यांना सात मेव्हणे होते. त्यामुळे दोन वर्षं मी कायम दिव्यावर गाडी चालवली. उतार आला की न्यूट्रल करायची, इंजिन बंद करायचं, गाडी आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायची. वाड्याच्या रस्त्यावर कुठल्या टेकाडाचा उतार किती लांब नेतो हे मला तोंडपाठ झालं. न्यूट्रल मारणं हा जुन्या ड्रायव्हरच्या हाताचा गुण आहे. उतार दिसला की हात आपोआप गिअरच्या काठीकडे जातो, डोकं नंतर जागं होतं.

मग इकबालशेठकडे लागलो. भिवंडीत त्यांचे लूम होते, पिढ्यान्‌पिढ्यांचं कोकणी मुसलमान घर, बोलणं मराठी आणि चिडल्यावर उर्दू. घरात शेठ, त्यांची बायको, मुलं आणि या सगळ्यांवर दादी. दादी म्हणजे शेठची आई. पोरं दादी म्हणत म्हणून गल्ली दादी म्हणे, गल्ली म्हणे म्हणून मीही. लग्नाआधी स्वतः हातमागावर बसलेल्या, त्यामुळे कारखान्यात कुठला लूम आवाजात चुकतोय हे त्या घरातल्या खाटेवरून सांगत. माझ्यावर त्यांचा जीव होता, पण जीव असल्याचं दाखवण्याची पद्धत म्हणजे माझ्या प्रत्येक कामात खोट काढणं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शेठचे धाकटे भाऊ बरीच वर्षं इंग्लंडला होते, ते कायमचे परत आले आणि येताना आपली गाडी घेऊन आले. हायब्रिड. भिवंडीत तोवर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. चावी फिरवायची नाही, बटण दाबायचं. बटण दाबलं तरी आवाज नाही. पहिल्या दिवशी मी सात वेळा बटण दाबलं, गाडी चालू-बंद चालू-बंद झाली, आणि मी शेठना जाऊन सांगितलं की बॅटरी उतरली आहे. धाकटे भाऊ पोट धरून हसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि जोडीला विजेची मोटर. बाजारातून येताना जड पिशवीचा एक बंद नवऱ्याने धरावा, एक बायकोने, आणि हात दुखला की दुसऱ्याने पूर्ण घ्यावी, तसं त्यांचं चालतं. हळू जायचं असलं की नुसती मोटर, जोर लागला की इंजिन मदतीला. मोटरची बॅटरी घरी चार्जिंगला लावायची नसते. ती गाडी चालतानाच भरते, थोडी इंजिनाकडून आणि थोडी ब्रेक दाबल्यावर चाकांकडून. म्हणजे शेवटी सगळा संसार पेट्रोलवरच. पेट्रोल संपलं की बॅटरी फार तर एक-दोन किलोमीटर ओढते, तीही रडतखडत. हे धाकट्या भावांनी मला दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा मी मान हलवली होती.

धामणकर नाक्यावर आमचा ड्रायव्हर लोकांचा अड्डा होता, शेअर रिक्षाच्या रांगेपलीकडे, चहाच्या टपरीजवळ. तिथे गाडी नेऊन उभी केली की गर्दी जमे. नाक्यावरच्या जाममध्ये सगळ्या गाड्या घुर्र घुर्र करत उभ्या आणि आमची चिडीचूप, तर मागचे लोक बंद पडली समजून ढकलायला येत. आमच्याच गल्लीत राहणारा रफिक रिक्षावाला तिचा सगळ्यात मोठा भक्त. त्याचं म्हणणं, ही गाडी पेट्रोल संपल्यावरही चालत राहणार.

"उस्ताद, बॅटरी है ना. पेट्रोल सिर्फ नाम का है. दिवा लागल्यावर दोनशे किलोमीटर सहज."

"शंभर," मी म्हटलं. "एक इकडे नाही, एक तिकडे नाही."

"लगी शर्त?"

लगी. जो हरेल त्याने वर्षभर दुसऱ्याला नाक्यावर सगळ्यांसमोर उस्ताद म्हणून सलाम करायचा. रफिक मला तसाही उस्तादच म्हणायचा, पण ते प्रेमाने. मला ते हक्काने हवं होतं. वय वर्षं पन्नासच्या आसपास, दोन मुलींचा बाप, आणि अक्कल ही एवढी.

आता यातली चूक नीट सांगतो, कारण हीच गोष्ट आहे. त्या वर्षी दादींचं हजच्या सोडतीत नाव लागलं होतं. चौथ्या वर्षी. तीन वर्षं अर्ज करायचा, यादी लागली की शेठ वाचून यायचे आणि दादी त्यांच्या तोंडाकडे बघून न विचारताच आत जायच्या. त्यांचा गुडघा दर वर्षी थोडा जास्त धरत होता. पुढच्या वर्षी नाव लागलं असतं तरी पाय चालले असते की नाही, कोण सांगणार. बाईमाणसासोबत घरचा पुरुष लागायचा, म्हणून इकबालशेठही जाणार होते. निघायच्या आठवडाभर आधी शेठनी मला बजावलं होतं, "दत्ताभाऊ, अम्मीला एअरपोर्टला न्यायचंय. टाकी भरून ठेवा."

मी हो म्हटलं. त्याच दिवशी दिवा लागला होता. मनात म्हटलं, आठवडा आहे, तेवढ्यात शंभर होतील, रफिकचा सलाम पदरात पडेल, मग भरू. पंप काय, नाक्यावरच आहे. डिकीत कॅनसुद्धा ठेवला नाही. साठ किलोमीटर झाले आणि टँकरवाल्यांचा संप लागला. पहिल्या दिवशी पंपावर रांग, दुसऱ्या दिवशी दोरी, तिसऱ्या दिवशी दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले.

दादींच्या जाण्याचा दिवस म्हणजे संपाचा चौथा. नातेवाइकांसाठी सांगितलेली बस सकाळीच नाही म्हणाली, तिला डिझेल नव्हतं. शेठची जीप आणि कापडाचा टेम्पो कोरडे पडलेले, हजचं सामान तेवढं टेम्पोने आधीच मुंबईच्या पाहुण्यांकडे टाकलं होतं. भिवंडीची रिक्षा मुंबईत जात नाही. उरली ही गाडी. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाहेर आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"दत्ताभाऊ, किती आहे? जाईल ना?"

"जाईल शेठ. काय करणार, पंपच बंद."

बघा, यात एक शब्द खोटा नाही. पंप बंदच होते. खोटं कसं बोलू नये हे मला चांगलं ठाऊक होतं, खरं कसं बोलावं तेवढं ठाऊक नव्हतं.

गाडी दिव्यावर आहे हे पाच मिनिटांत गल्लीभर झालं. मग जे झालं ते बघून मला जमिनीत जावंसं वाटलं. लोकांनी मोटरसायकली बाहेर काढल्या. रात्रपाळी करून आलेले लूमवरचे कामगार, झोपायचं सोडून, आडव्या पाडून नळी लावून थेंब थेंब काढायला लागले. कुणी स्कूटर आणली. जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असतं, ते या गाडीला चालणारं नव्हतं, म्हणून ती मला परत पाठवावी लागली. तो बिचारा म्हातारा म्हणाला, "दादीसाठी आणलं होतं, तुझ्यासाठी नव्हे." रफिक कोपऱ्यात रिक्षाला टेकून उभा. त्याच्याही रिक्षात तेल मिसळलेलंच. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. सगळं मिळून एका बाटलीत पाऊण लिटर जमलं. दिव्यानंतरचे साठ किलोमीटर मी उधळलेले, उरलेले चाळीस, वर या बाटलीचे पंधरा. विमानतळ चाळीसच्या आसपास. मी स्वतःला म्हटलं, दत्तू, सुटलास.

दादी मागे बसल्या, शेठ पुढे. बाराच्या आत पोहोचायचं होतं, आम्ही आठ वाजता निघालो. खिडक्या उघड्या, एसी बंद. अंजूरफाटा मागे पडल्यावर दादी म्हणाल्या, "दत्तू, काय बोलायचं हाय का तुला?"

"नाही दादी."

"न्हाय ना? बरं."

मला वाटलं पेट्रोलची काळजी. मी म्हटलं, "बिनघोर बसा, माझ्या हातात गाडी आहे."

हायवेला लागलो. खारेगावच्या खाडीपुलाचा उतार आला, आणि माझा हात, सांगितलं ना, आपोआप काठीकडे गेला. न्यूट्रल. गाडी सुसाट निघाली, मी खूश. पुढचा उतार, परत न्यूट्रल. डॉक्टरांची आठवण आली. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मागून आवाज आला.

"तू ती काठी हालवलीस का ते बाण बंद पडतात."

गाडीच्या मधोमध एक छोटा पडदा होता. त्यावर इंजिन, मोटर, बॅटरी, चाकं यांची चित्रं आणि त्यांच्यात पळणारे बाण. मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, मला तो पोरांचा खेळ वाटायचा. दादी दोन सीटच्या मधून पुढे वाकून कधीच्या तो बघत होत्या.

"कुठले बाण, दादी?"

"उताराला चाकाकडून बॅटरीकडं बाण जातो. आमचा धोटा जायाचा-यायाचा ना मागावर, तसा. तू काठी हालवलीस का जात न्हाय. मंग बॅटरी भरनार कशी?"

"दादी, न्यूट्रलला गाडी कमी पिते. चौतीस वर्षं..." तेव्हा चौतीस झाली नव्हती, पण मी तेवढीच सांगितली.

"त्या गाडीला काय म्हाईत तुजी वर्सं?"

शेठनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दत्ताभाऊ, पुढच्या उताराला हात लावू नका." मी लावला नाही. नुसता पाय काढला. चाकाकडून बॅटरीकडे हिरवा बाण पळायला लागला आणि दादी समाधानाने मागे टेकल्या. धाकट्या भावांनी दोनदा सांगितलेलं तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. म्हणजे गेला आठवडाभर आणि आजच्या तीन उतारांवर, चढाला जाळलेलं जे उताराला परत मिळत होतं, ते मी घेतच नव्हतो. माझ्या शंभरच्या हिशेबाला भोक होतं, आणि ते मीच पाडलं होतं.

"आजून काय हाय का बोलायचं?" दादींनी विचारलं.

"चुकलं दादी. न्यूट्रल नाही करणार आता."

"ते झालं. दुसरं?"

"दुसरं काय असणार?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ठाणे, मुलुंड ठीक गेलं. मग पवईच्या रस्त्याला लागलो तर रस्ता खणलेला. गाड्या मुंगीच्या पावलांनी. एरवी मी जामला शिव्या देतो, पण ही गाडी जाममध्ये इंजिन बंद करून बॅटरीवर सरकते, त्यामुळे सुरुवातीला बरं वाटलं. पण सरकून सरकून बॅटरी उतरली की ती भरायला इंजिन जागं होतं, आणि दर वेळी इंजिनचा आवाज आला की मी मनातल्या हिशेबातून एक किलोमीटर वजा करायचो. वर पोलिसाने एका वळशाने पाठवलं, तीन-चार किलोमीटर फुकट. साडेदहा झाले, अकरा झाले. शेठ घड्याळाकडे बघायचे थांबले आणि तसबीह काढून तिचे मणी ओढत बसले. मला वाटतं त्या रस्त्यावर त्या दिवशी माझ्याइतका देव देव कुणी केला नसेल, आणि माझा देव तर तिकडे जाणारही नव्हता.

मरोळच्या पुढे इंजिनने एक आचका दिला आणि ते थांबलं. पडद्यावर लाल त्रिकोण आला. शेठ म्हणाले, "संपलं?"

"इंजिनचं संपलं."

"मतलब?"

"बॅटरी आहे अजून."

रफिक असता तर नाचला असता. मी पायाखाली अंडं ठेवल्यासारखा पेडल दाबत होतो. दहाच्या स्पीडने गाडी रस्त्याच्या कडेने चालली, मागचे हॉर्न मारून मारून थकले, एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि त्याने वळून बघितलं. पडद्यावर बॅटरीच्या आठ रेघा असतात. चार होत्या. तीन झाल्या. दादींनी तिसऱ्यांदा विचारलं, "दत्तू, काय बोलायचं असंल तर बोल बाबा."

"दादी, गाडी जाऊ दे आधी," मी म्हटलं.

दोन रेघा. एक. विमानतळाची कमान दिसली, आणि कमानीच्या आधी जरासा चढ. चढ तरी काय, एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता. गाडी त्याच्या पायथ्याशी आली आणि थांबली. पावणेबारा झाले होते. फाटक समोर दिसत होतं, मध्ये चारशे पावलं असतील, पण दादींच्या गुडघ्याला चारशे पावलं म्हणजे चांगला अर्धा तास. शेठ उतरले. मीही उतरलो आणि दोघांनी गाडीला खांदा लावला. दोघांनी काय होतंय. तेवढ्यात हारतुरे घेऊन आलेला दुसऱ्या हाजींचा घोळका, कुठल्या गावचे कोण जाणे, काही न विचारता धावत आला. दहा-बारा जणांनी गाडीला हात लावला.

दादींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "दत्तू, आता हालव तुजी काठी."

मी आत हात घालून न्यूट्रल केलं. गाडी लोकांच्या हातावर, दादी आत राणीसारख्या बसलेल्या, अशी फाटकाशी आली. बाराला पाच कमी होते.

माणसांनी हात झटकले, दुवा मागितली आणि ते आपल्या हाजींकडे गेले. मी दार उघडलं. दादी उतरल्या, काठी टेकून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दत्तू, इतकी वर्सं तू माज्या घरात वावरलास. कधी वाकडं बोलले असंन, कधी चहा द्यायचा ऱ्हायला असंल, तर मनात ठेवू नको. कहा-सुना माफ कर."

हजला जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांकडून अशी माफी मागून घेतो. आठवडाभर दादी याच कामाने घरोघर फिरत होत्या, आणि लोकही येऊन आपलं जे काही असेल ते त्यांच्या पायाशी ठेवून जात होते. मन धुऊन जायचं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्यात ड्रायव्हर मोडतो असं मला वाटलं नव्हतं.

"दादी, तुमचं काय असणार. लाजवू नका."

दादी हलल्या नाहीत. शेठ म्हणाले, "अम्मी, चलिए, टाइम हो गया." तरी हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. आतल्या माणसाने फाटकाशी येऊन नावं पुकारली. सकाळपासून तीनदा विचारलेला तो प्रश्न कशाचा होता ते तेव्हा माझ्या टाळक्यात आलं.

"दादी, टाकी संपामुळे रिकामी नव्हती. शेठनी भरायला सांगितली होती. दिवा लागल्यावर गाडी किती जाते याची मी नाक्यावर पैज लावली होती. म्हणून नाही भरली. तुमचा हज बुडाला असता तर तो माझ्यामुळे बुडाला असता."

"क्या?" शेठ म्हणाले.

"म्हाईत हाय," दादी म्हणाल्या. "रफिक कालच सांगून गेला. रडला बी. त्याला मी तवाच सोडला. तुजी वाट बगत व्हते. राग घेऊन तिकडं जाता येत न्हाय, आनि तू कबूलच करीत न्हाईस तर मी माफ काय करू? पेट्रोल संपलं तवा मी घाबरले न्हाय. तुजं तोंड उघडंना, तवा घाबरले." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सोडलं. जा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. दादी शेठकडे वळल्या.

"इकबाल, तू बी माफ कर."

"अम्मी, अगर फ्लाइट छूट जाती तो?"

"छुटली न्हाय. कर लवकर, दार बंद व्हईल."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर मला आजही दिसते. कपड्यांवर गाडीच्या धुळीचे माझ्याइतकेच डाग होते. "माफ किया," ते दात आवळून म्हणाले.

"दिलसे बोल," दादी म्हणाल्या, आणि शेठ ते दुसऱ्यांदा नीट म्हणेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.